किल्ला पडला, तरी महाकाव्य का लिहिलं? हंगेरीच्या 'सिगेती वेसेदेलेम'ची गोष्ट

हंगेरियन भाषेत 'वेसेदेलेम' असा एक शब्द आहे, अर्थ संकट, घात, नाश. आणि तिथल्या जुन्या साहित्यातल्या सगळ्यात मोठ्या वीरकाव्याच्या नावातच हा शब्द बसलाय: 'सिगेती वेसेदेलेम', म्हणजे सिगेतवर आलेला घात. कवीने नावातच सांगून टाकलं की किल्ला पडणार, आतली माणसं मरणार. शेवट असा आधीच माहीत असताना कुणी पंधरा सर्ग का वाचावेत, आणि मुळात कवीने ते का लिहावेत, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचं उत्तर मिळालं तेव्हाच हे काव्य मला कळलं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो. या गोष्टीत मिक्लोश झ्रीन्यी नावाची दोन माणसं आहेत. एक सोळाव्या शतकातला किल्लेदार, ज्याने सिगेतवार लढवला आणि तिथेच मेला. दुसरा त्याचा सख्खा पणतू, सतराव्या शतकातला, ज्याने हे काव्य लिहिलं. घराणं मूळचं क्रोएशियाचं, तिथे दोघांनाही निकोला झ्रिन्स्की म्हणतात, आणि आजही दोन्ही देश या दोघांना आपलंच मानतात. दोघांचंही बरोबर आहे, कारण तेव्हा हंगेरी आणि क्रोएशिया एकाच राजमुकुटाखाली होते आणि या घराण्याला दोन्ही भाषा घरच्या होत्या. मी पुढे सरळ 'पणजोबा' आणि 'पणतू' असंच म्हणणार आहे.

आता थोडं बॅकग्राऊंड. १५२६ साली मोहाचच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी हंगेरीची फौज पार मोडून काढली, तिथला तरुण राजा पळताना ओढ्यात बुडून मेला. १५४१ मध्ये राजधानी बुदा तुर्कांकडे गेली आणि देशाचे तीन तुकडे झाले. मधला मोठा भाग सुलतानाचा, पश्चिम आणि उत्तरेची पट्टी व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याची, आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनिया, जो सुलतानाला खंडणी देऊन कसाबसा टिकून होता. एकाच देशातली मोठी घराणी वेगवेगळ्या दरबारांत वाटली गेली आणि एकमेकांचे पाय ओढण्यातच त्यांची निम्मी ताकद जायला लागली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, काव्याचा जीव तिथे आहे.

आपल्याकडे किल्ला म्हटलं की डोंगर, कडा, दमछाक करणारी चढण हेच डोळ्यासमोर येतं. सिगेतवार तसा अजिबात नव्हता. आपल्या शब्दात सांगायचं तर भुईकोट, दक्षिण हंगेरीतल्या सपाट मुलखात, आणि चहूबाजूंनी पाणी आणि दलदल. सिगेत म्हणजे बेट, वार म्हणजे किल्ला, नावातच सगळं आलं. नवं गाव, जुनं गाव आणि शेवटी आतला किल्ला असे भाग, मध्ये पाणी, जायला पूल, म्हणजे शत्रूला एकदा जिंकून भागत नाही, पुन्हा पुन्हा नव्याने जिंकत आत यावं लागतं.

१५६६ च्या मे महिन्यात सुलतान सुलेमान इस्तंबूलहून निघाला. वय ७१, गादीवर बसून ४६ वर्षं झालेली, तब्येत इतकी खालावलेली की बराचसा प्रवास घोड्यावर न बसता गाडीतून करावा लागला. त्याच्या फौजेचा आकडा लाखाच्या वरच सांगतात. आत पणजोबांकडे शिबंदी अडीच हजारांच्या घरात, क्रोएशियन आणि हंगेरियन मिळून. ऑगस्टच्या सुरुवातीला वेढा पडला. तुर्कांनी दलदलीचं पाणी काढून दिलं, फांद्या आणि माती टाकून वाटा केल्या, तोफा पुढे सरकवल्या. आधी नवं गाव गेलं, मग जुनं गाव गेलं, आणि नुसता आतला किल्ला उरला. हाब्सबुर्ग घराण्यातला सम्राट मॅक्सिमिलियन, जो हंगेरीचा राजाही होता, तो मोठी फौज घेऊन उत्तरेला द्यूरजवळ तळ देऊन होता. तो तिथून हललाच नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुंग आणि आग यांनी किल्ल्यात थांबण्यासारखं काही ठेवलंच नाही. मग पणजोबांनी काय केलं ते त्यांच्या पदरी असलेल्या फेरेनात्स च्र्न्को नावाच्या माणसाने, जो त्यातून जिवंत सुटला, क्रोएशियन भाषेत लिहून ठेवलंय. पणजोबांनी चिलखत चढवलं नाही. ठेवणीतले कपडे मागवले, ते घातले. सोबत सोन्याची नाणी घेतली, का तर माझं प्रेत ज्याच्या हाती लागेल त्याने 'याच्यापाशी काहीच सापडलं नाही' असं म्हणू नये. किल्ल्याच्या चाव्या अंगावर ठेवल्या, की मी जिवंत असेपर्यंत त्या कुणाच्या हाती जाणार नाहीत. आणि दार उघडून उरलेल्या माणसांना घेऊन पुलावरून सरळ शत्रूवर चालून गेले. गोळ्या लागल्या, तिथेच पडले. मला त्या नाण्यांची गोष्ट विसरताच येत नाही. मरायला निघालेला माणूस आपलं प्रेत उचलणाऱ्या परक्या शिपायाचाही विचार करतोय, आणि त्यात मानही आहे आणि एक प्रकारचं आतिथ्यही आहे.

पण तिकडे छावणीत एक गोष्ट होऊन गेली होती, जी किल्ल्यातल्या कुणालाच कळली नाही. या शेवटच्या हल्ल्याच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी सुलेमान आपल्या तंबूत आजारपणाने वारला होता. वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने ती बातमी दाबून ठेवली, ४८ दिवस, नवा सुलतान सेलीम येऊन सूत्रं हातात घेईपर्यंत. फौजेला वाटत राहिलं सुलतान तंबूत आहे. म्हणजे ज्याच्या नावाने किल्ला घेतला तो बघायला राहिलाच नव्हता, आणि मोहीमही तिथेच गुंडाळली गेली.

आता पणतू. जन्म १६२०. वडील गेले तेव्हा सहा वर्षांचा. कार्डिनल पेतेर पाझमान्य यांच्या देखरेखीखाली वाढला, जेझुइटांच्या शाळांत शिकला, सोळाव्या वर्षी इटलीचा प्रवास करून आला, लॅटिन आणि इटालियन काव्य चांगलं मुरलेलं. चाकटोर्न्याच्या आपल्या गढीत त्याने मोठं ग्रंथालय जमवलं होतं. पण जहागीर तुर्कांच्या सरहद्दीला लागून, त्यामुळे तलवार तरुणपणापासूनच हातात, आणि पुढे तो क्रोएशियाचा बान झाला, म्हणजे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणारा सुभेदार म्हणा. १६४० च्या दशकात त्याने हे काव्य लिहिलं आणि १६५१ साली व्हिएन्नात आपल्या इतर कवितांबरोबर छापलं.

त्याची प्रस्तावना जेमतेम पानभराची आहे आणि मला ती काव्याइतकीच आवडते. तो म्हणतो, होमरने ट्रॉय पडल्यावर शंभर वर्षांनी लिहिलं, मलाही सिगेतबद्दल शंभर वर्षांनीच लिहावं लागतंय (खरं तर तेव्हा ऐंशीच झाली होती). रोमन कवी व्हर्जिलने आपल्या महाकाव्याला दहा वर्षं घेतली, माझं एका वर्षात झालं, वर्ष कसलं, एका हिवाळ्यात. मी त्यांच्याशी बरोबरी करत नाही, पण एक अभिमान बाळगतो, की कविता हा माझा पेशा नाही, माझं काम त्याहून मोठं आहे, ते म्हणजे देशाची चाकरी. लिहिलेलं पुन्हा तपासलं नाही, वेळ नव्हता. तुर्की, क्रोएशियन आणि लॅटिन शब्द मिसळलेत, कारण तसं जास्त छान वाटलं आणि हंगेरियन भाषा गरीब आहे. 'तोफ' हा शब्द तुर्कीतूनच आपल्याकडे आलाय आणि आज तो कुणाला परका वाटत नाही, त्यामुळे त्याचं हे म्हणणं मराठी माणसाला लगेच पटावं. आणि शेवटी तो हे पुस्तक हंगेरियन सरदारांना अर्पण करतो आणि म्हणतो, देव करो आणि माझ्या रक्ताचा शेवटचा थेंबही असाच त्यांच्या कामी येवो.

काव्य सुरू होतं ते व्हर्जिलच्या चालीवर, 'शस्त्रं आणि वीर गातो', पण वरदान मागायला कवी ग्रीक देवतेकडे जात नाही, तो मेरीमातेला आवाहन करतो, हिरवी पानं सुकून जातात पण तुझा मुकुट ताऱ्यांचा आहे म्हणतो. आणि मग पहिला सीन थेट स्वर्गात. देव खाली हंगेरीकडे बघतोय आणि संतापलाय. कुणावर? तुर्कांवर नाही, हंगेरियन लोकांवर. गर्व, आपापसातला द्वेष, लोभ, देवाने एवढं दिलं आणि यांनी त्याची माती केली. तो मुख्य देवदूत मायकेलला सांगतो की नरकातून एक क्रोधदेवता सोड आणि तिला सुलतानाच्या मनात शिरू दे. ती सुलेमानच्या स्वप्नात त्याच्या मेलेल्या बापाचं, सेलीमचं, रूप घेऊन येते आणि त्याला चढाईला उठवते. म्हणजे कवीच्या हिशोबात तुर्कांची फौज हा देवाच्या हातातला चाबूक आहे आणि पाठ हंगेरीची आहे.

हे एकदा कळलं की बाकीचं सगळं जागेवर बसतं. दुसऱ्या सर्गात पणजोबा क्रूसापुढे गुडघे टेकून प्रार्थना करतायत, आणि क्रूसावरचा ख्रिस्त तीन वेळा त्यांच्याकडे झुकतो आणि बोलतो, तुझं ऐकलंय, तुला हौतात्म्य मिळेल. नायकाला मरण इतक्या आधी कळलेलं आहे. पुढचे तेरा सर्ग आपण 'वाचेल का' म्हणून वाचत नाही, 'आता हा कसा वागेल' म्हणून वाचतो. पाप सगळ्या देशाचं आणि त्याचं प्रायश्चित्त या किल्ल्यातली मूठभर माणसं आपल्या मरणाने घेणार, म्हणून किल्ला पडला तरी काव्याच्या लेखी हे युद्ध जिंकलेलं आहे. शेवटच्या सर्गात स्वर्गातून देवदूत येतात आणि मेलेल्या प्रत्येकाचा आत्मा उचलून नेतात. 'वेसेदेलेम' हा शब्द नावात का आहे ते इथे कळतं.

रचनेबद्दल दोन शब्द. आपल्या ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा मोकळा सुटतो. इथे कडव्याच्या चारही ओळी एकाच यमकात बांधलेल्या, आणि प्रत्येक ओळ साधारण बारा अक्षरांची. अभ्यासकांनी मोजलेली कडवी १५६६, म्हणजे वेढ्याचं सालच. इतक्या वेळा चार-चार यमकं जुळवताना ओढाताण होणारच आणि ती दिसते, ओळी खडबडीत आहेत, पण त्या खडबडीतपणात घोड्याच्या टापांसारखा एक ठेका आहे आणि लढाईच्या वर्णनात तो फार शोभतो.

मधल्या सर्गांत माणसं भरपूर आहेत आणि सगळ्यांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही, दोन-तीन पकडा. यूरानिच आणि रादिवोय हे दोन मित्र रात्री वेढ्यातून निसटून राजाकडे निरोप न्यायला निघतात आणि वाटेत दोघेही मारले जातात, व्हर्जिलमध्ये असेच दोन मित्र आहेत आणि पणतूने ते उघडपणे तिथून घेतलेत. देली विद नावाचा वीर आहे, पणजोबांचा उजवा हात. 'देली' हा तुर्की शब्द, म्हणजे वेडा, बेभान धाडसी. त्याची बायको बार्बरा तुर्की वेश करून नवऱ्याला शोधायला शत्रूच्या छावणीत शिरते. पलीकडे देलिमान नावाचा तातार राजपुत्र, सुलतानाच्या मुलीच्या प्रेमात पार बुडालेला.

पण मला सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग एका कबुतराचा आहे. वेढा खूप लांबलाय. तुर्कांचीही माणसं ढिगाने मेलीत, सरदारांत भांडणं लागलीत, बैठकीत चर्चा अशी चाललीय की आता परत फिरूया. थोडक्यात किल्ला वाचलाच. आणि नेमकं तेव्हा पणजोबांनी राजाला पाठवलेलं पत्र घेऊन उडालेलं कबुतर, मागे शिकारी पक्षी लागल्यामुळे घाबरून खाली येतं, आणि पडतं ते तुर्कांच्या छावणीत. पत्र उघडलं जातं. आत लिहिलंय की आता आमची माणसं किती थोडी उरलीत. बैठक तिथेच फिरते आणि वेढा चालू राहतो. एका पाखराने सगळं बदललं. आणि मागे राजा, ज्याला हे पत्र जायचं होतं, तो तसाही येणार नव्हता, हे वाचणाऱ्या प्रत्येक हंगेरियन माणसाला माहीत होतं. कवी राजाला एका शब्दाने दोष देत नाही, नुसतं पत्र पोचू देत नाही.

शत्रूबद्दल तो काय लिहितो तेही बघण्यासारखं आहे. ज्याच्या फौजेने पणजोबांना मारलं आणि ज्याच्या वंशजांशी कवी स्वतः रोज लढतोय त्या सुलेमानबद्दल तो म्हणतो, मला खरं लिहिलं पाहिजे, ऐका, सुलेमान आमचा शत्रू होता, पण धर्माचा भाग सोडला तर तुर्कांत असा राजा बहुधा झालाच नाही. शहाणपण, धीर, युद्धाची समज सगळं त्याच्यात होतं असं तो मोकळेपणाने सांगतो. तिसऱ्या सर्गात एक तुर्क मुलगा दैवाबद्दल गाणं म्हणतो ते इतकं गोड आहे की क्षणभर आपण कुणाच्या छावणीत आहोत याचा विसर पडतो. मला वाटतं सरहद्दीवर आयुष्य काढलेल्या माणसालाच हे जमतं. ज्याला शत्रूची भाषा येते, त्याचे शब्द आपल्या कवितेत घ्यावेसे वाटतात, तो शत्रूला बुजगावणं करून लिहू शकत नाही.

एका ठिकाणी मात्र पणतूने इतिहास सरळ सरळ वळवलाय. काव्यात सुलेमान तंबूत मरत नाही, पणजोबा शेवटच्या चढाईत स्वतःच्या हाताने त्याला मारतात, आणि मग जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खास पायदळ शिपाई, दुरून गोळ्या घालून त्यांना पाडतात, जवळ यायची कुणाची हिंमत होत नाही. हे त्याने लपवून केलेलं नाही. प्रस्तावनेतच लिहितो की क्रोएशियन आणि इटालियन बखरींत मी असं वाचलं, तुर्कही असंच सांगतात, इश्त्वान्फीसारखे इतिहासकार वेगळं लिहितात ते मला माहीत आहे, पण काहीही असो, सुलेमान तिथेच गेला. दंतकथा आणि इतिहास मी मिसळलाय, होमर आणि व्हर्जिलकडून तसंच शिकलो, हेही तोच सांगतो. मला यात लबाडी दिसत नाही. वेढा चालू असताना सुलतान मेला ही गोष्ट खरीच होती, ती कुणाच्या हाताने झाली एवढंच त्याने ठरवलं.

आता मुळातल्या प्रश्नाकडे येतो. १६४० च्या दशकात ऑटोमन अजून बुदात बसलेले होते, व्हिएन्नाच्या दरबाराला तुर्कांशी तह टिकवण्यात जास्त रस होता, आणि हंगेरियन सरदार पूर्वीसारखेच फुटलेले होते. पणतूने त्यांना त्यांचंच पाप दाखवलं, देवाच्या तोंडून, पहिल्याच सर्गात, आणि मग सांगितलं की हे फिटतं कसं तेही बघा, माझ्या पणजोबाने फेडलं होतं. पुढे त्याने गद्यात एक तळमळीचं पत्रकच लिहिलं, 'तुर्की अफूवरचा उतारा' अशा नावाचं, त्यात तर उघड म्हणतो की दुसऱ्यांच्या मदतीची वाट बघणं सोडा, स्वतःची कायमची, शिस्तीची फौज उभी करा. काव्य आणि पत्रक दोन्हींत बोलणं एकच आहे. काव्याच्या शेवटी तो लिहितो की मी कीर्ती नुसत्या लेखणीने शोधत नाही, तलवारीनेही शोधतो, जगेन तोवर ऑटोमन चंद्राशी लढेन आणि माझ्या देशाच्या राखेखाली आनंदाने गाडला जाईन.

लढला तसाच. १६६४ च्या हिवाळ्यात त्याने तुर्कांच्या मुलखात खोल घुसून एसेकचा प्रचंड लांब लाकडी पूल जाळला, ज्यावरून त्यांच्या फौजा हंगेरीत यायच्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाकटोर्न्याजवळच्या जंगलात शिकारीला गेला असताना जखमी रानडुकराने त्याचा जीव घेतला. वय ४४. हा घातपातच होता असं लोक तेव्हापासून बोलत आलेत. धाकटा भाऊ पेतार, ज्याने हे काव्य क्रोएशियन भाषेत आणलं आणि १६६० मध्ये व्हेनिसला छापलं, त्याला पुढे सम्राटाविरुद्धच्या कटासाठी १६७१ मध्ये देहदंड झाला.

काव्य मग बराच काळ बाजूला पडलं. १८१७ मध्ये काझिन्त्सी या हंगेरियन लेखकाने झ्रीन्यीचं लेखन नव्याने छापलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरियन कवींना आपला एक विसरलेला पूर्वज सापडल्यासारखं झालं. क्रोएशियात पणजोबांवर १८७६ मध्ये झाय्त्स या संगीतकाराचा ऑपेरा आला, त्यातलं 'ऊ बोय', म्हणजे 'लढाईला चला', हे समूहगान तिथे आजही जोरात गातात. आणि सिगेतवारजवळ १९९४ मध्ये हंगेरी-तुर्कस्तान मैत्रीचं उद्यान झालं, तिथे सुलेमान आणि पणजोबा दोघांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत.

वाचायचं असेल तर २०११ मध्ये आलेलं पूर्ण इंग्रजी भाषांतर आहे, त्यावरून सुरुवात करता येते. पहिला सर्ग वाचा आणि मग सरळ पाचव्यावर जा. तिथे वेढा अजून आवळलेला नाही. पणजोबा सगळ्यांना गोळा करून शपथ घेतात, आणि नंतर आपल्या मुलाला, ग्यॉर्गला, बाजूला बोलावून सांगतात की तू इथून निघ, राजाकडे जा. पोराला जायचं नसतं. बाप ऐकत नाही, त्याला पाठवतोच. हा ग्यॉर्ग म्हणजे कवीचा आजोबा.